संकट माशानं घेतलं नव्हतं

मंगळवारी रात्री अकरा वाजता मी टाकीचे दिवे मालवले तेव्हा तो जिवंत होता. दगडाच्या फटीत लांब चोच घालून काहीतरी टिपत होता, रोजच्यासारखा. बुधवारी सकाळी सहा वाजता वाळूवर आडवा. अंगावर ओरखडा नाही, पांढरे ठिपके नाहीत, पंख फाटलेले नाहीत, पोट खपाटीला गेलेलं नाही. तांबूस-पिवळे पट्टे आदल्या रात्री होते तितकेच झळझळीत. कल्ल्यांची झाकणं मात्र थोडी उघडी होती. हे मी पाहिलं आणि सोडून दिलं. त्या गोष्टीकडे मला पुन्हा यावं लागणार आहे.

मासा होता कॉपरबँड बटरफ्लाय. खाऱ्या पाण्यातला, तळहाताएवढा, शेपटीजवळ खोट्या डोळ्याचा काळा ठिपका असलेला. घरी येऊन 23 दिवस झाले होते. टाकी चार फुटी, साधारण 300 लिटरची, दोन वर्षं सुरळीत चाललेली. त्या सकाळी चहाच्या आधी मी पाणी तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, घनता 1.025, तापमान 26, पीएच 8.2. टाकीतली क्लाउनफिशची जोडी नेहमीप्रमाणे खाणं मागायला काचेशी आलेली. म्हणजे पाण्यात काही नाही, माशावर काही नाही, आणि मासा मेलेला.

चारच दिवस आधी, शनिवारी, आई हॉस्पिटलातून घरी आली होती. अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट. त्याआधीच्या दोन रात्री अशा गेल्या होत्या की त्यांच्याबद्दल आम्ही घरात अजून बोलत नाही. बुधवारी शेजारच्या काकू आईला भेटायला आल्या, माशाची बातमी ऐकली, आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, "बघा, तुमच्यावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं."

संध्याकाळपर्यंत हेच वाक्य मी चार जणांकडून ऐकलं. त्यातला एक इंजिनिअर होता. दिवेलागणीला आईनं माझ्या मुलीला सांगून टाकीच्या झाकणावर जास्वंदीचं फूल ठेवून घेतलं.

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे. आणि त्याच वाक्याच्या शिकल्यासवरल्या जुळ्या भावाच्याही, ज्याच्याशी माझा जास्त घरोबा आहे.

*

आधी काकूंचं वाक्य. घरात मासे पाळले की घरावर येणारी पीडा मासे स्वतःवर घेतात, मासा अचानक गेला तर समजावं की काहीतरी मोठं टळलं. तुम्हीही हे कुठे ना कुठे ऐकलं असेल. वास्तुवाले सांगतात, पाहुणे सांगतात, आणि मासे विकणारे तर आवर्जून सांगतात. ते का सांगणार नाहीत? विक्रेत्यासाठी याहून सोयीची श्रद्धा मला तरी सुचत नाही. माल तीन आठवड्यांत बंद पडला तर तक्रार करायची सोडून गिऱ्हाईकच म्हणतं, की तो कामी आला. आणि रिकामी झालेली जागा भरून काढायला पुढच्या रविवारी तेच गिऱ्हाईक पुन्हा दुकानात. घरातला फ्रीज 23व्या दिवशी जळला असता तर तो आमच्यावरचं संकट घेऊन गेला असं काकू म्हणाल्या असत्या का? त्यांनी मला आधी वॉरंटी कार्ड शोधायला लावलं असतं.

पण त्या वाक्यावर हसून मोकळं होण्याचा मला हक्क नाही, कारण जुळा भाऊ माझ्याकडे मुक्कामाला आहे. तो म्हणतो, "मरीनमध्ये असं होतंच." खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणारे आम्ही लोक या छंदाला नुसतं 'मरीन' म्हणतो, आणि हे वाक्य आमच्यात 'राम कृष्ण हरी'सारखं वापरलं जातं. कोणी मेलेल्या माशाचा फोटो टाकला की दहा मिनिटांत चार जण हेच लिहितात. मी स्वतः गेल्या दोन वर्षांत किती वेळा लिहिलं असेल याची मोजदाद नाही. नाशिकच्या एका पोरानं पहिल्या पगारातून घेतलेला टँग आठ दिवसांत मेला, तेव्हा मी त्याला लिहिलं होतं, "टेन्शन घेऊ नको, होतं असं. पुढच्या वेळी थोडा मोठा घे." त्यानं थोडा मोठा घेतला. तोही मेला. मग तो आमच्यात बोलेनासा झाला. आम्ही म्हणालो, संयम नाही आजकालच्या मुलांना.

काकूंच्या वाक्यात मासा संकट घेऊन जातो, आमच्या वाक्यात मासा नुसताच जातो. दोन्ही ठिकाणी पुढचा प्रश्न विचारला जात नाही: तो कशानं मेला?

*

'कारण कळलं नाही' आणि 'कारण नव्हतं' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मासा विनाकारण मरत नाही. तेव्हा काय काय शक्य होतं ते मांडून बघू.

पहिली शक्यता कल्ल्यांतल्या परजीवीची. अमायलोडिनियम नावाचा एक सूक्ष्मजीव आहे, छंदवाले त्याला 'व्हेल्वेट' म्हणतात. तो बऱ्याचदा आधी कल्ल्यांवर बसतो. कातडीवर सोनेरी भुकटीसारखी खूण दिसेपर्यंत मासा कधीकधी जगतच नाही. खाणारा-पिणारा मासा दोन-चार दिवसांत, काहीही न दिसता, गुदमरून जातो. क्लाउनफिश वाचले म्हणून ही शक्यता कमी होते, शून्य होत नाही. खात्री करायची तर ताज्या मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. उघडी राहिलेली झाकणं हेच सांगत होती का? मला माहीत नाही, कारण मी मासा वर्तमानपत्रात गुंडाळून सोसायटीच्या बागेत पुरला, तेव्हा कल्ले उघडून पाहिलेच नाहीत.

दुसरी शक्यता पिशवीची. पकडलेला मासा ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, थोड्याशा पाण्यात, विमानानं येतो. घाण कमी व्हावी म्हणून निघण्याआधी त्याला उपाशी ठेवतात. तरी कल्ल्यांतून अमोनिया सुटत राहतो. पिशवीत माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडे झुकतं, आणि त्या पाण्यात अमोनियाचा बराचसा भाग कमी विषारी रूपात दबून असतो. मुक्कामी पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो, आणि दबलेला अमोनिया विषारी होतो. म्हणजे माशाला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून कोणी प्रेमानं उघड्या पिशवीत थेंब थेंब पाणी सोडत बसलं, तर तो तासभर मासा कल्ले भाजत बसलेला असतो. असे भाजलेले कल्ले घेऊन मासा काही दिवस, काही आठवडेही काढू शकतो.

तिसरी शक्यता सायनाइडची. फिलिपिन्समध्ये 1960च्या दशकापासून शोभेचे मासे पकडायला सोडियम सायनाइड वापरलं गेलं आणि तिथून ही पद्धत इंडोनेशियापर्यंत पसरली. गोळ्या पाण्यात विरघळवून, दाबायच्या बाटलीत भरून, पाणबुडा प्रवाळाच्या कपारीत पिचकारी मारतो. गुंगलेला मासा हातानं उचलतो. सायनाइड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. अनेक मासे तिथेच मरतात, आजूबाजूचं प्रवाळही मरतं. दोन्ही देशांत यावर कायद्यानं बंदी आहे आणि दोन्ही देशांत हा प्रकार संपलेला नाही. माझ्या माशावर सायनाइड मारलं होतं असं मी म्हणत नाही. मारलं नव्हतं असंही मला म्हणता येत नाही, आणि साडेचार हजार रुपये मोजणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये हे मला विचित्र वाटतं.

चौथी शक्यता माझ्या टाकीची. ती सर्वांत शेवटी लिहितोय, कारण ती सर्वांत जास्त टोचते. नवा मासा चार-सहा आठवडे वेगळ्या टाकीत निरीक्षणाखाली ठेवावा, हे मी इतरांना सांगत आलो. या वेळी ठेवला नाही. दुकानदार म्हणाला, "आमच्याकडे सेटल झालाय, खातोय," आणि मला तेच ऐकायचं होतं. शिवाय, आई घरी येणार म्हणून शनिवारी आम्ही घरातल्या सगळ्या फरशा जंतुनाशकानं पुसल्या होत्या, खोल्यांत फवाराही मारला होता. टाकीचा हवेचा पंप जमिनीलगतची हवा ओढतो. त्यानं काही झालं असेल? दोन क्लाउनफिश धडधाकट आहेत, तेव्हा बहुधा नाही. पण 'बहुधा'.

आता काकूंच्या वाक्याचा मोह लक्षात येईल. खरंच आईच्या येण्याशी माशाच्या मरण्याचा संबंध असेल, तर तो दैवी नसून फरशी पुसण्याच्या बादलीतला असेल, आणि तो आईसमोर उच्चारायची माझी हिंमत नव्हती. 'संकट घेतलं' म्हणणं फार सोपं होतं. सगळेच पवित्र राहत होते: मासा, आई, दुकानदार आणि मी.

फक्त आईला ते सोपं गेलं नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

*

या चार शक्यतांपैकी पहिल्या तीन माझ्या दाराबाहेर सुरू होतात. मासा माझ्याकडे 23 दिवस होता. त्याआधी तो किती हातांतून गेला? पाणबुडा, त्याच्याकडून घेणारा गावातला दलाल, शहरातला निर्यातदार, विमान, इथला आयातदार, दुकान. प्रत्येक हातात वेगळं पाणी, वेगळी टाकी, वेगळी उपासमार. कॉपरबँड अंदमानच्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतो. माझा यांतल्या कुठल्या पाण्यातला होता हे दुकानदाराला विचारलं तेव्हा त्याचं उत्तर होतं, "इम्पोर्टेड." जणू इम्पोर्टेड नावाचा एक समुद्र आहे.

गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे शेततळ्यांत आणि हौदांत वाढवलेले असतात. खाऱ्या पाण्यातल्यांचं उलटं आहे: बहुतांश प्रजाती आजही समुद्रातून उचलल्या जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी जोडलेल्या संवर्धन केंद्रानं 2003 साली या व्यापारावर मोठा अहवाल काढला. त्यात 1,471 प्रजातींचे दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाख मासे दरवर्षी विकले जातात असा अंदाज होता. हा हिशेब विकल्या गेलेल्या माशांचा. त्यामागे कपारीत मेलेले, दलालाच्या बादलीत मेलेले, विमानात मेलेले किती, ते त्यात धरलेलं नाही. पण त्यांची किंमत कोणीतरी भरतोच. माझ्या साडेचार हजारांत वाटेत मेलेल्या माशांचा वाटा होता. तो बिलावर लिहिलेला नव्हता, इतकंच.

आणि म्हणून 'अचानक, विनाकारण' मेलेला मासा या धंद्याला अडचणीचा नाही. कारण सापडलं तर ते कोणाच्या तरी गळ्यात पडेल. सापडलं नाही तर ते माझ्या गळ्यात पडतं. दुकानात जाऊन सांगा मासा मेला म्हणून. पहिला प्रश्न येतो, "पाण्याचे पॅरामीटर काय होते?" आकडे बरोबर निघाले तर, "टेस्ट किट जुनं असेल." नवं किट घेतलं तर, "यूव्ही लावलंय का?" माझ्या अपराधीपणाला सामान विकण्याची कला तिथे फार पुढे गेलेली आहे. दोन वर्षांत मी मेलेल्या माशांपायी जेवढी उपकरणं घेतली तेवढी जिवंत माशांपायी घेतली नसतील. यूव्ही दिवा वाईट आहे असं नाही. पण भाजलेल्या कल्ल्यांवर तो काही करत नाही.

*

आता सगळ्यांत ठरलेला आक्षेप. माझ्या मेव्हण्यानं तो त्याच रात्री घेतला: "तुम्ही आठवड्यातून तीनदा मासे खाता. सुरमईच्या तुकडीवर ताव मारायचा आणि चार इंचाच्या माशासाठी गळा काढायचा, हा कुठला न्याय?"

आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही मूळचे मालवणकडचे. मासळी आमच्या घरात भाजीसारखी येते आणि ती यापुढेही येणार आहे. पण या आक्षेपानंच मला रस्ता दाखवला, कारण मेव्हणा बोलत असताना आई पलंगावरून ऐकत होती. तिनं मध्येच मला विचारलं, "घेताना कल्ले बघलंस काय रे?"

मी म्हणालो, आई, हा खायचा मासा नव्हता.

"असूंदे. बघलंस काय?"

आईनं चाळीस वर्षं बाजार केला आहे. कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिल्याशिवाय तिनं बांगडा घेतलेला नाही. पापलेट असेल तर कल्ल्याजवळ दाबून पांढरं पाणी येतं का बघायचं. डोळा फुगीर हवा, खोल गेलेला नको. बोटानं दाबलेली जागा पुन्हा वर यायला हवी. आणि हे सगळं कोळणीशी भांडत: कालचा आहे, बर्फाचा आहे, कुठल्या बोटीचा आहे? कोळीणही काही मुकाट ऐकून घेणारी नव्हे. ती आईच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, पण उत्तर देई. खोटं बोलली तर दुसऱ्या दिवशी आई तिथेच उभी असे. दोनशे रुपयांच्या मासळीवर एवढी उलटतपासणी. आणि मी साडेचार हजारांच्या जिवंत माशाला काचेबाहेरून पाहिलं, त्याच्या रंगावर भाळलो, 'सेटल झालाय' हे ऐकलं आणि गुगल पे केलं.

तेव्हा मेव्हण्याला उत्तर असं: खाण्याच्या माशाला आम्ही प्रश्न विचारतो. त्या बाजारात सगळं आलबेल आहे असं नाही. ट्रॉलर, पर्ससीन, पिल्लांची मासेमारी, सगळं माहीत आहे. पण तिथे निदान बघण्याची, नाक लावण्याची, भांडण्याची रीत आहे. मेलेल्या माशाचे कल्ले उघडून बघणारे आम्ही लोक जिवंत माशाच्या बाबतीत इतके भाबडे कसे झालो? एका माशासाठी गळा काढण्याबद्दल कोणी बोललं तर मी ऐकून घेईन. पण घेताना तोंड उघडलं नाही आणि मेल्यावर गळा काढला, हा खरा आरोप आहे, आणि तो मला मान्य आहे.

*

उत्तर बंदी आहे का? आपल्याकडे एकदा तसा प्रयत्न झाला. 2017 साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं मत्स्यालयं आणि शोभेच्या माशांची दुकानं यांच्यासाठी प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली नियम काढले. दीडशेहून जास्त प्रजाती विकायला आणि मांडायला मनाई करणारी यादी त्यांना जोडलेली होती. व्यापारी आणि मासे वाढवणारे, दोघांनीही आरडाओरडा केला, आणि काही महिन्यांत नियम मागे घेतले गेले. मला ती यादी परत यावी असं वाटत नाही. हौदात वाढवलेला मासा आणि सायनाइड मारून उचललेला मासा यांना एकाच दोरीनं बांधणारा नियम शेवटी कोणालाच वाचवत नाही. पण नियमांबरोबर प्रश्नही मागे घेतला गेला. कुठून आणला, कसा पकडला, वाटेत किती मेले, हे लिहून ठेवायची सक्ती करा एवढी साधी मागणी करायला त्या गदारोळात कोणाला सवड नव्हती. आमच्या छंदवाल्यांना तर नव्हतीच. नियम गेले म्हणून आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

पाणबुड्याच्या पोटाचं काय, हा प्रश्न त्याहून खरा आहे. प्रवाळबेटांवरच्या गरीब माणसाला शोभेचा मासा कोळंबीपेक्षा जास्त पैसे देतो, आणि जाळीनं, सावकाश, बेतानं पकडला तर त्या माणसाला प्रवाळ जिवंत ठेवण्यात फायदा दिसतो. हे मी मानतो. पण असा नीट पकडलेला मासा आणि पिचकारीवाला मासा माझ्या दुकानातल्या काचेमागे एकसारखेच दिसतात आणि एकाच भावानं विकले जातात. नीट पकडणाऱ्याला त्याच्या नीटपणाचा एक रुपया जास्त मिळत नाही. मी प्रश्न विचारत नाही म्हणून मिळत नाही. पाणबुड्याचा कैवार घेऊन प्रश्न टाळणारे त्याच्यातल्या सज्जनालाच आधी मारतात.

आणि पर्याय नाही असंही आता म्हणता येत नाही. क्लाउनफिशची टाकीत पैदास 1970च्या दशकापासून होते आहे. 2003 साली 'फाइंडिंग निमो' आला आणि समुद्रातून सुटका मागणाऱ्या नव्हे, समुद्रात परत जाऊ पाहणाऱ्या माशाची गोष्ट बघून जगभरच्या पोरांनी घरात तोच मासा मागितला, तेव्हाही टाकीत जन्मलेला निमो उपलब्ध होता. पिवळा टँग 2015 साली हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटनं, आणि 'फाइंडिंग डोरी'तला निळा टँग 2016 साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या मत्स्यप्रयोगशाळेनं टाकीत वाढवून दाखवला. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलं, आणि आमच्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रात क्लाउनफिशची पिल्लं वाढवली गेली. माझी जोडी टाकीत जन्मलेली आहे. तिनं जन्मात समुद्र पाहिलेला नाही, हे दुःखाचं आहे की नाही ते तुम्ही ठरवा. पण तिच्यासाठी कुठल्याही कपारीत पिचकारी मारलेली नाही एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. नीट सांभाळली तर ती वीस वर्षं जगू शकते, म्हणजे माझी मुलगी हे घर सोडून जाईपर्यंत.

कॉपरबँडच्या बाबतीत हे म्हणता येत नाही. बाजारातले जवळपास सगळे समुद्रातून आलेले असतात, आणि टाकीत खायला नकार देऊन झुरणारा मासा म्हणून तो कुप्रसिद्ध आहे. मला हे माहीत होतं. टाकीत आयप्टेशिया नावाचं उपद्रवी फूल माजलं होतं आणि कॉपरबँड ते खातो, म्हणून मी त्याला आणला. थोडक्यात, तण काढायला. त्यानं 23 दिवस इमानानं काढलंही.

*

आईबद्दल लिहायचं राहिलं.

फूल ठेवून घेतल्यापासून ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "म्हातारीसाठी त्येचो जीव कित्याक?" आम्ही सगळे तिला धीर म्हणून जे सांगत होतो, ते तिनं कर्ज म्हणून घेतलं होतं. सत्तरी ओलांडलेली, दोन स्टेंट घातलेली बाई, आणि तिच्या खात्यात आम्ही एका माशाचा जीव नावे टाकून मोकळे झालो होतो. या वाक्याचा राग मला खरा त्या क्षणी आला. सांत्वन म्हणून ते खपतं, पण ज्याच्या नावानं ते बोललं जातं त्याला कोणी विचारत नाही की हे ओझं तुला पेलतं का.

मग मी तिला सगळं सांगितलं. पिशवीतला अमोनिया, पिचकारी, व्हेल्वेट, मी वेगळ्या टाकीत न ठेवणं. जंतुनाशकाचंही सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग फरशीचं आधी निकालात काढलं: "तसा असता तर ते दोघे खंय वाचले असते?" आणि मग म्हणाली की, त्या दुकानदाराकडे पुन्हा गेलास तर मला घेऊन जा.

तिला जिने चढायची अजून परवानगी नाही. म्हणून मी एकटाच गेलो, घ्यायला नाही, विचायला. हा मासा कुठल्या समुद्रातला? टाकीत जन्मलेला की पकडलेला? तुमच्याकडे किती दिवस आहे, आणि याच्याबरोबर आलेल्यांपैकी किती उरले? माझ्यासमोर खाऊ घालून दाखवाल का? दुकानदाराला पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. चौथ्याला तो म्हणाला, "सर, एवढं कोणी विचारत नाही." खरंच बोलला तो. दुकानात आणखी तिघे गिऱ्हाईक होते. त्यांतल्या एकानं पाकीट परत खिशात ठेवलं आणि विचारलं, "हो, किती उरले?"

नाशिकच्या मुलाला मी मेसेज केला आहे. होतं असं, हे मी तुला लिहिलं ते चूक होतं, तुझ्या संयमाचा त्यात काही दोष नव्हता, आणि तो मासा कुठून घेतलास ते आठवत असेल तर सांग. अजून उत्तर आलेलं नाही.

टाकीत आता क्लाउनफिश दोनच आहेत आणि आयप्टेशिया पुन्हा माजू लागलं आहे. रोज रात्री मी ते सुईनं, एकेक करून, मारतो. वेळखाऊ काम आहे. ते माझंच होतं.